पत्नीचा आरोग्य-विमा आणि गुरुजींचा प्राप्तिकर



समजा, केळशीच्या शाळेत एक गुरुजी आहेत. घरची दहा-वीस कलमे आहेत. आंब्याची हो, कायद्याची कलमे पुढे येतात! आंबा उतरला, व्यापाऱ्याचे रोख पैसे हातात पडले, की त्यातूनच ते पत्नीच्या आरोग्य-विम्याचा वर्षाचा हप्ता एजंटाच्या हातावर ठेवतात. पावती जपून ठेवतात, आणि विवरणपत्र भरताना मोठ्या भरवशाने सवलत मागतात. नियमाने ती त्यांना मिळत नाही.

सवलत खोटी आहे असे नव्हे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ती ८०डी या कलमात आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही ती आहे, कलमाचा आकडा तेवढा निराळा. स्वतःचा, पती वा पत्नीचा आणि अवलंबून असलेल्या मुलांचा मिळून वर्षाला २५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता उत्पन्नातून वजा होतो. त्यांत कोणी साठीचे असेल, तर मर्यादा ५०,००० ची. पत्नी स्वतः मिळवती असली तरी हरकत नाही. मात्र सासू-सासऱ्यांचा हप्ता जावयाला चालत नाही. तो लेकीने आपल्या कमाईतून भरावा, म्हणजे आईवडिलांसाठीची वेगळी सवलत तिला मिळते.

मग गुरुजींचे चुकले कुठे? एक तर हप्ता रोखीने दिला. तो चेकने, बँकेतून किंवा यूपीआयने जायला हवा. दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊकच नसते: हप्ता करपात्र उत्पन्नातून भरलेला असावा लागतो. आंबा हे शेतीचे उत्पन्न. त्यावर मुळात प्राप्तिकरच नाही, मग त्यातून केलेल्या खर्चाची सूट कशी मिळणार? तेव्हा गुरुजी, हप्ता पगाराच्या खात्यातून जाऊ द्या, आणि आंब्याचे पैसे पावसाळ्याच्या बेगमीला ठेवा.

आणखी एक. २०२३-२४ पासून आपण काही कळवले नाही, तर नवी करपद्धतीच धरली जाते, आणि तीत ही वजावट नाही. जुनी हवी असेल तर विवरणपत्र मुदतीत भरून तशी निवड करावी लागते. पण आधी दोन्ही हिशेब कागदावर मांडा. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही, त्यामुळे पुष्कळ शिक्षकांना या सवलतीची गरजच उरलेली नाही. म्हणून कोणी विमा मात्र बंद करू नये. रात्री-अपरात्री घरच्या माणसाला घेऊन दापोली गाठावी लागते, तेव्हा विवरणपत्र नव्हे, विम्याचे कार्ड लागते.

आणि हो, वैयक्तिक आरोग्य-विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. नव्या पावतीवर तो लावलेला नाही ना, तेवढे पाहून घ्या.