घाम, गोळ्या आणि मन

घरात कुणी नैराश्यानं खचलं, की सल्ल्यांना तोटा नसतो. "अरे, जरा फिरून ये, मोकळं वाटेल." सल्ला चुकीचा नाही. पण ज्याला उठून दात घासणंही जड जातंय, त्याला तो टोमण्यासारखा लागतो.

मग धाप लागेल इतका व्यायाम खरंच औषधासारखा लागू पडतो का? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. नैराश्याचे 156 रुग्ण, सगळे पन्नाशीचे किंवा त्याहून मोठे. काहींना सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या औषधाच्या गोळ्या, काहींना आठवड्यातून तीनदा अर्धा तास झपाझप चालणं किंवा पळणं, उरलेल्यांना दोन्ही. 1999 साली निष्कर्ष छापून आले. गोळ्यांनी लवकर आराम पडला, पण सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास बरोबरीत आले.

खरी गंमत पुढेच आहे. बऱ्या झालेल्यांना दहाव्या महिन्यात पुन्हा तपासलं. नुसत्या गोळ्यांवर असलेल्यांपैकी 38 टक्के लोकांचा आजार उलटला होता, नुसता व्यायाम करणाऱ्यांपैकी फक्त 8 टक्के लोकांचा. आणि दोन्ही करणारे? 31 टक्के! संशोधकांचा तर्क असा, की गोळी चालू असली की बरं होण्याचं श्रेय माणूस गोळीला देतो. पळून बरा झालेला ते स्वतःकडे घेतो. मला हा तर्क पटतो. अर्थात ही मंडळी स्वखुशीनं प्रयोगात आली होती, आणि व्यायाम देखरेखीखाली, चारचौघांत होत होता. त्या सोबतीचा वाटा किती, हे कसं वेगळं काढणार? म्हणून हे आकडे ऐकून कुणी गोळ्या बंद करू नयेत. रुग्णाला नुसतं "जा" म्हणण्यापेक्षा "चल, मी येतो" म्हणावं, आणि पहिल्या दिवशी फाटकापर्यंत गेलं तरी पुरे.

नैराश्य आणि उन्माद यांच्या फेऱ्या येणाऱ्या बायपोलर आजारात मात्र उलटंही घडतं. जेमतेम दोन तास झोपून माणूस पहाटे उत्साहानं पळायला निघाला, की घरचे खूश होतात. पण तो उत्साह उन्मादाचा आरंभ असू शकतो. या आजारावरचं लिथियम हे औषध घेणाऱ्यांनी तर भर उन्हात पळूच नये. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं, की रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. हात जास्त कापू लागले, उलट्या झाल्या, तोल जाऊ लागला, तर लगेच डॉक्टरांना गाठा.