चलान आलं म्हणून विमा सोडू नका



मागच्या बैठकीत आमच्या गटातली एक ताई हिरमुसून बसली होती. मुलानं घरची कार घाटात जोरात हाणली. मोबाइलवर वेगाचं ई-चलान आलं, वर बंपरही चेपला. अमेरिकेतल्या भाच्यानं तिला सांगितलं, "मावशी, आता विम्याचा प्रीमियम वाढणार." ताई म्हणाली, "मग यंदा विमाच नको."

भाचा खोटं बोलत नव्हता. तिकडे चलान झालं की बहुतेक कंपन्या प्रीमियम वाढवतात. आपल्याकडेही 2021 मध्ये विमा नियामकाच्या कार्यगटानं तसं सुचवलं होतं. पण तो नियम सरसकट लागू झालेला नाही. चलानाचा दंड भरायचा आणि मुलाचा कान धरायचा.

मग प्रीमियम कशानं वाढतो? क्लेम केल्यानं. विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याला इजा झाली तर. त्याचे दर केंद्र सरकार ठरवतं. दुसरा आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. त्यात वर्षभर क्लेम केला नाही तर 20 टक्के सूट मिळते. ती पुढे 25, 35, 45 करत 50 टक्क्यांपर्यंत जाते. एक क्लेम केला की सूट शून्यावर!

ताईची चार वर्षं क्लेमविना गेली होती. समजा, नुकसानीच्या भागाचा प्रीमियम 8000 रुपये. 45 टक्के सूट धरून ती भरणार 4400. बंपरचा खर्च होता 2500. त्यासाठी क्लेम केला तर 3600 रुपयांची सूट जाणार. मी म्हटलं, "ताई, बंपर खिशातून दुरुस्त कर."

आणि विमाच सोडला तर? थर्ड पार्टी विमा नसताना पकडलं तर पहिल्यांदा 2000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. त्याहून मोठी भीती वेगळीच. कुणाचा जीव गेला, तर भरपाई आपल्या घरादारातून द्यावी लागते. शिवाय मुदत संपून 90 दिवस उलटले की जमवलेली सूटही जाते.

ताईनं त्याच आठवड्यात विमा भरला. तुमच्या पॉलिसीची तारीख कधीची आहे? आजच काढून बघा आणि चुलीजवळच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा.