अपयश कर्माचे, मोल आत्म्याचे



सुवर्णमहोत्सवात यशाची उजळणी होणे स्वाभाविक आहे. परंतु समाजात यशवंतांच्या शेजारीच नाउमेद झालेली माणसेही राहतात. परीक्षेत मागे पडलेला विद्यार्थी, व्यापारात तोटा सोसलेला दुकानदार, स्थळांकडून पुनःपुन्हा नकार ऐकणारी मुलगी. आकुर्डीच्या बजाज ऑटो कारखान्यातील वाहन-उत्पादन 2007 साली थांबले, तेव्हा मोठ्या कारखान्याचा आधारही कायमचा नसतो, हे या उद्योगनगरीने पाहिले. अशा प्रसंगी माणूस स्वतःलाच विचारतो, "आपली किंमत ती काय?" या प्रश्नाचे उत्तर जैन कर्मसिद्धांतात आहे.

आठ कर्मांपैकी चार घाती व चार अघाती. लोकांत अपकीर्ती होणे, आपला शब्द कोणी न मानणे ही अयशकीर्ती व अनादेय या नामकर्माच्या प्रकृतींची फळे होत. उच्च किंवा नीच गणले जाणे हे गोत्रकर्माचे फळ. नाम आणि गोत्र ही दोन्ही कर्मे अघाती आहेत. आत्म्याच्या ज्ञान, दर्शन आदी मूळ गुणांचा घात ती करू शकत नाहीत. म्हणजेच जगाचा नकार आत्म्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचतच नाही. अभ्यास न जमणे हा ज्ञानावरणीय कर्माचा, तर कष्ट करूनही प्राप्ती न होणे हा लाभांतराय कर्माचा उदय. ही कर्मे घाती खरी. तथापि ती आत्मगुणांना झाकतात, नष्ट करीत नाहीत. ताग्यावर धूळ बसली म्हणून सुताचा पोत बदलत नाही. धूळ झटकण्याचा पुरुषार्थ मात्र करावा लागतो.

माषतुष मुनींची कथा सर्वश्रुत आहे. राग-द्वेष न करण्याविषयी गुरूंनी दिलेले लहानसे वचनही त्यांना पाठ होईना. उडीद आणि टरफल अशा अर्थाचे भलतेच शब्द मुखात बसले. लोक हसले, मुनींनी ना गुरूंवरील श्रद्धा सोडली, ना प्रयत्न. टरफलाहून दाणा वेगळा, तसा देहाहून आत्मा वेगळा, हा बोध त्यांना झाला आणि ते केवलज्ञानी झाले, असे परंपरा सांगते.

याच श्रद्धेचे कृतिरूप दर्शन अलीकडच्या काळात महाराष्ट्राला घडले. 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे जैन शेतकरी कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहून शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. स्वसमाजाच्याच वसतिगृहाचे दार त्यांना बंद झाले. मॅट्रिकही पदरी पडली नाही. पुढे 1914 च्या डांबर प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी त्यांच्यावर दडपण आले. त्या वसतिगृहाशी लठ्ठे यांचा निकटचा संबंध होता. जुना राग काढण्याची संधी चालून आली होती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही, तुरुंगवास मात्र सोसला. तेथे निराशेने ग्रासून त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, हे विसरता कामा नये. थोर माणसेही खचतात.

परंतु ती पुन्हा उभी राहतात. किर्लोस्करांचे नांगर विकत खेडोपाडी फिरताना त्यांनी रयतेचे अज्ञान जवळून पाहिले. 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. 1924 साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांची मुले एका छताखाली राहू लागली. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. मॅट्रिक न झालेल्या या कर्मवीरांना 1959 साली पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. त्यांच्या संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय आज आपल्या पिंपरीत उभे आहे.

कर्मवीरांनी धर्माची भाषा फारशी वापरली नसेल; पण सर्व जीव समान आहेत, हे जिनवचन ते जगले. नाकारल्या गेलेल्या या माणसाने दुसऱ्या कोणाला नाकारले नाही. आत्म्याचे मोल ओळखल्याची याहून मोठी खूण कोणती?

यातून समाजालाही बोध घेता येईल. त्यांना दार बंद करणारे परके नव्हते. आज गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार ठिकठिकाणी होतात, ते व्हावेतच. पण ज्याला गुण मिळाले नाहीत, तो मुलगा त्या सभागृहाकडे फिरकतही नाही. त्याच्या घरी जाऊन "पुन्हा परीक्षेला बस, फी आणि पुस्तकांची काळजी करू नकोस" असे सांगणारा साधर्मिक त्याला भेटला पाहिजे. साधर्मिक वात्सल्य केवळ भोजनाच्या पंगतीपुरते नसते. पुढील पन्नास वर्षांत या संस्थेच्या दारातून कोणीही आपल्याला किंमत नाही असे मानून परत जाऊ नये, हीच शासनदेवाचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!