निळं इंजिन, कृष्णधवल फिल्म

दार्जिलिंगला १८८१ मध्ये पोहोचलेल्या छोट्या रेल्वेला १९९९ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिच्या वाफेच्या इंजिनाचे कृष्णधवल फोटो काढायला फार सरंजाम लागत नाही. गाडी घरांना, दुकानांना खेटून जाते; तिथं ५० मि.मी.ची साधी लेन्स पुरते. लख्ख ऊन असेल तर १२५ आयएसओची फिल्म घ्यावी; घूमच्या धुक्यात मात्र ४००चीच.

खरा पेच फिल्टरचा. पिवळ्या फिल्टरमुळे निळं आकाश गडद होतं आणि पांढरी वाफ उठून दिसते. पण इथली इंजिनंही निळीच! तीही काळवंडतात, आणि आत भट्टीत कोळसा घालणारा माणूस अंधारात हरवतो. म्हणून मी फिकट पिवळा फिल्टर लावतो आणि फिल्मला प्रकाश जरा जास्तच देतो. वाफेतले बारकावे थोडे पुसले जातात. जाऊ द्यात. वाफ काय, चहाच्या किटलीतूनही निघते. इंजिन चालतं ते भट्टीपुढच्या माणसामुळे. रोलमधल्या ३६ फोटोंपैकी एकात तरी त्याचा चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे.