पुठ्ठ्याची वाघीण आणि पन्नासाचे प्रमाण



घोटीच्या मुलांना आगगाडीचे नवल नाही. मुंबई-भुसावळ लोहमार्ग गावाजवळूनच जातो आणि मालगाडीच्या वाघिणी मोजत उभे राहणे हा येथील बालपणाचा एक छंदच आहे. या छंदातून गणित, विज्ञान आणि आपल्या अर्थव्यवस्थेचे ज्ञान कसे मिळू शकेल, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

शालेय विज्ञान प्रदर्शनांतून आगगाडीची प्रतिकृती हमखास आढळते. रंगकाम सुबक असते. परंतु चाके फार मोठी, डबा अवास्तव उंच आणि रूळ भलतेच अरुंद, असा प्रकार पुष्कळदा असतो. अशी वस्तू शोभेची ठरते, शिकवणारी ठरत नाही. मापाशी प्रामाणिक असलेली प्रतिकृती मात्र स्वतःच शिक्षक बनते.

त्यासाठी कोळसा वाहणारी ‘बॉक्स-एन’ ही उघडी वाघीण घ्यावी. जोडणीच्या टोकापासून टोकापर्यंत तिची लांबी १०,७१३ मिलिमीटर, रुंदी ३,२०० आणि रुळापासून उंची ३,२२५ मिलिमीटर आहे. नवे चाक १,००० मिलिमीटर व्यासाचे असते आणि रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर. या सर्व मापांना पन्नासाने भागावे. लांबी सुमारे २१४ मिलिमीटर, रुंदी ६४, उंची साडेचौसष्ट, चाक २० आणि रुळांमधील अंतर साडेतेहतीस मिलिमीटर येते. जाड पुठ्ठा, फूटपट्टी आणि डिंक एवढ्या साहित्यावर हे काम होते. बाजारातील खेळण्यांचे तयार रूळ मात्र वापरू नयेत. त्यांतील प्रचलित साडेसोळा मिलिमीटरचा रूळ परदेशातील १,४३५ मिलिमीटरच्या मार्गासाठी एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात योजलेला आहे. आपला रुंद मार्ग त्याच प्रमाणात दाखवावयाचा तर अंतर सव्वाएकोणीस मिलिमीटर हवे.

येथवर झाले लांबी-रुंदीचे. खरी गंमत वजनात आहे. लांबी पन्नासपट कमी केली की क्षेत्रफळ अडीच हजारपट आणि घनफळ सव्वा लाखपट कमी होते. रिकाम्या वाघिणीचे वजन २२.४७ टन असते आणि तीत ५८.८१ टन माल भरता येतो. सव्वा लाखाने भागता रिकाम्या प्रतिकृतीचे वजन सुमारे १८० ग्रॅम आणि मालाचे ४७० ग्रॅम येते. प्रतिकृती हलकी भरली तर तळाशी लोखंडी पट्टी चिकटवून वजन पुरे करावे. घनाचा नियम फळ्यावर दहा वेळा लिहून जे समजत नाही, ते तराजूच्या पारड्यात एकदा पाहून समजते.

पुढचा प्रयोग घोटीच्या बाजारपेठेला साजेसा आहे. या वाघिणीची आतील जागा ५६ घनमीटरांहून थोडी अधिक, म्हणजे प्रतिकृतीत ४५० घनसेंटिमीटर. तीत तांदूळ काठोकाठ भरले तरी वजन साधारण ३६० ग्रॅमच भरेल. तांदूळ काढून ४७० ग्रॅम लोखंडी खिळे घातले तर निम्मी वाघीणही भरणार नाही. मुरमुऱ्यांचे पोते पोरसवदा मुलगा उचलतो आणि तेवढेच तांदळाचे पोते हमालाला वाकवते, हे येथे कोणाला सांगावयास नको. याच कारणास्तव कोळशासाठी उंच कडांची आणि लोहखनिजासाठी कमी उंचीच्या कडांची ‘बॉय’ वाघीण योजण्यात आली. खनिज जड, कडा उंच ठेवल्या तर त्या पोलादाचा भार विनाकारण ओढावा लागतो.

भार ओढण्याची किंमत काय असते, हे घोटीच्या शेजारचा थळ घाट सांगतो. कसाऱ्याहून इगतपुरीकडे येताना ३७ मीटर अंतरास एक मीटर चढ आहे. वर्गात १११ सेंटिमीटरची फळी घेऊन एक टोक तीन सेंटिमीटर उचलावे. तोच चढ तयार होतो. साडेसहाशे ग्रॅमची भरलेली वाघीण तीवरून ओढताना केवळ चढापोटी सुमारे साडेसतरा ग्रॅम वजनाइतका जोर लागतो. रिकामीला पाच ग्रॅमही पुरतो. अठ्ठावन्न भरलेल्या वाघिणींचे एकूण वजन सुमारे ४,७१४ टन होते. तेवढी गाडी या घाटात चढवावयाची तर चढापोटीच १२७ टन वजनाइतका जोर हवा. घाटात मागून जादा इंजिने का लावतात, याचे उत्तर मुले स्वतःच देतील.

अशा एका गाडीतून सुमारे ३,४०० टन कोळसा जातो. घोटीच्या ईशान्येस, नाशिकरोडजवळ एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. एक संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला तर सुमारे ५० लाख युनिट वीज निर्माण होते आणि युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला तर ३,५०० टन कोळसा लागतो. म्हणजे एका संचाच्या एका दिवसासाठी जवळजवळ एक संपूर्ण मालगाडी! शेतातील पंप आणि शाळेतील दिवा यांच्यामागे ही रांग उभी आहे. तोच कोळसा दहा टनी मालमोटारींनी न्यावयाचा तर ३४० खेपा कराव्या लागतील.

वाघिणीचा आराखडाही या गरजेतून बदलत गेला. जुनी ‘बॉक्स’ वाघीण पावणेचौदा मीटर लांब असून माल साधारण ५५ टन नेई. १९८० च्या दशकात आलेली ‘बॉक्स-एन’ तीन मीटरांनी आखूड असूनही अधिक माल नेते. त्यामुळे स्थानकातील तेवढ्याच लांबीच्या मार्गावर अधिक भाराची गाडी उभी राहू शकते. पुढे गंजरोधक पोलादाची ‘बॉक्स-एन-एचएल’ आली. तिचे स्वतःचे वजन २०.६ टन आणि मालाचा भार ७१ टन आहे.

एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. मापे घेण्यासाठी मुलांना रुळांवर किंवा उभ्या वाघिणीजवळ कदापि नेऊ नये. परवानगीविना रेल्वेच्या हद्दीत जाणे हा गुन्हा आहे, आणि वरील तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो. उभ्या वाघिणीवर चढणे जिवावर बेतते. मापे या विवेचनात दिलीच आहेत. उरलेली माहिती शिक्षकांसमवेत, परवानगी घेऊन, फलाटावरूनही वाचता येते. वाघिणीच्या अंगावर तिचा प्रकार, रिकामे वजन व मालाची क्षमता रंगविलेली असते. अकरा अंकी क्रमांकातील पाचवा व सहावा अंक तिच्या निर्मितीचे वर्ष सांगतो.

या उपक्रमास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीने शाळेला पुठ्ठा आणि एक चांगला वजनकाटा पुरविला तरी पुरे. एकेका विद्यार्थ्याने एकेक वाघीण केली तर अठ्ठावन्न वाघिणींची साडेबारा मीटर लांब गाडी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहील. त्या दिवसानंतर घोटीची मुले मालगाडीच्या वाघिणी केवळ मोजणार नाहीत, त्या वजनासह वाचू लागतील.