मांत्रिक लंगोट कसतो तेव्हा



अंजनगाव सुर्जीहून कुठल्याही दिशेला निघा, पुढच्या गावात शिरता शिरता मारुतीचं देऊळ लागतंच. वऱ्हाडातल्या लोकांनी या एका देवाकडे दोन खाती सोपवली आहेत. पहाटे तालमीत उतरणारा पोरगा त्याच्या पाया पडून लंगोट कसतो. आणि रात्री पानमळ्याच्या वाटेनं एकटा परतणारा माणूस, मनात मुंजा, हडळ नाहीतर चकवा आला, की त्याचंच नाव पुटपुटतो. दिवसा 'भुताले कायले भेतं?' म्हणून दुसऱ्याला हसणाराही रात्री यात मागे नसतो. अंगातली ताकद आणि भुतांपासून राखण, दोन्ही कामं एकाच शेंदरी मूर्तीकडे.

ही जोडी ज्याच्या परिचयाची आहे, त्याला कुंग-फू आणि भुतं एकाच पडद्यावर आणणारे हाँगकाँगचे चित्रपट परके वाटायचं कारण नाही. तिथला भूत उतरवणारा बुवाही आधी कसलेला पैलवान असतो आणि मग मांत्रिक.

नवख्या प्रेक्षकानं सुरुवात करावी ती 1985 सालच्या 'मिस्टर व्हॅम्पायर'पासून. दिग्दर्शक रिकी लाऊ, निर्माता सॅमो हंग. एका श्रीमंत गृहस्थाला वडिलांचं प्रेत उकरून चांगल्या जागी पुन्हा पुरायचं असतं, म्हणजे घराची भरभराट होईल. शवपेटी उघडते तर इतक्या वर्षांनीही प्रेत जसंच्या तसं! मांत्रिक गुरू ओळखतो की हे लक्षण बरं नाही. तो कोंबड्याचं रक्त घालून शाई करतो आणि दोन चेल्यांना सांगतो, पेटीवर सगळीकडून रेघा मारा. सुतार लाकडावर शाईचा दोरा ताणून टिचकी देतो आणि सरळ रेघ उठते, तशाच या रेघा. चेले वरून मारतात, चारी बाजूंनी मारतात. पेटीचा तळ मात्र राहतो. पुढचा सगळा गोंधळ त्या तळातून बाहेर येतो.

बाहेर येतं ते चिनी लोककथेतलं जियांगशी. अंगावर छिंग राजवटीतल्या अधिकाऱ्याचा झगा, हात समोर ताठ, आणि चाल म्हणजे दोन्ही पायांनी टुणटुण उड्या. या भुताचे नियम ठरलेले आहेत. कपाळावर मंत्र लिहिलेला पिवळा कागद चिकटवला की ते जागच्या जागी थिजतं. माणसानं श्वास रोखला की त्याला माणसाचा पत्ता लागत नाही. चिकट तांदूळ त्याच्या विषावर उतारा. नियम पहिल्या अर्ध्या तासात कळतात आणि मग खरी मजा सुरू होते, कारण प्रत्येक मारामारीत नियम पाळायचा असतो आणि पाळताना कुणीतरी शिंकणार, घसरणार किंवा कागद वाऱ्यानं उडणार, ही धाकधूक असते.

नियम मोडतो कोण, हेही पाहण्यासारखं. भुताच्या नखांचं विष भिनलेल्या चेल्यासाठी चिकट तांदूळ आणायला दुसरा चेला बाजारात जातो, तर दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळून देतो. सॅमो हंगनं स्वतः दिग्दर्शित केलेल्या 1980 सालच्या 'एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड'मध्येही तेच. प्रेत उठू नये म्हणून नायकाला शवपेटीत कोंबडीची अंडी फेकायला सांगितलेलं असतं, आणि विकणाऱ्यानं त्यात बदकाची घुसडलेली असतात. भेसळीमुळे भूत मोकाट सुटतं! बाजारहाट करणाऱ्या कुणालाही हे समजायला चिनी संस्कृतीचा अभ्यास लागत नाही.

'स्पूकी काइंड'मधला एक प्रसंग तर शरीराच्या कसरतीचा नमुनाच आहे. दुष्ट मांत्रिक दूर बसून नायकाच्या एका हाताचा ताबा घेतो. खाणावळीत बसलेला नायक उरलेल्या अंगानं गयावया करतोय आणि तो एक हात भोवतालच्या गिऱ्हाइकांना बुकलतोय. यात कॅमेऱ्याची जादू जवळजवळ नाही. जे आहे ते सॅमो हंगच्या खांद्यात आणि कमरेत. शेवटच्या लढतीत दोन मांत्रिक उंच मंचावर उभे राहून देवतांना लढणाऱ्यांच्या अंगात बोलावतात, आणि नायकाच्या अंगात येतो तो चिन्यांचा वानरदेव. वऱ्हाडी प्रेक्षक इथं गालात हसला, तर नवल नाही.

ही करामत आली कुठून? सॅमो हंग आणि जॅकी चॅन एकाच गुरूकडे, चिनी ऑपेराच्या शाळेत लहानपणापासून वाढले. 'मिस्टर व्हॅम्पायर'मधला जोडभुवयांचा गुरू साकारणारा लाम चिंग-यिंग हाही ऑपेराचाच विद्यार्थी. पुढे तो ब्रूस लीच्या चित्रपटांत मारामारीची कामं करत होता. मांत्रिकाच्या या भूमिकेनं त्याला घरोघरी नेलं, इतकं की 1997 साली वयाच्या 44 व्या वर्षी तो गेला तोवर प्रेक्षक त्याला त्याच पिवळ्या झग्यात ओळखत होते.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात ज्यांनी मल्लखांब पाहिला आहे, त्यांना अशा अंगाची पारख असते. 1914 साली सुरू झालेल्या या मंडळाच्या पथकानं 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली. म्हणजे कसलेली शरीरंही आपल्याकडे होती आणि भुतंही होती. पडद्यावर मात्र दोघांची गाठ पडली नाही. महेश कोठारे यांचा 1993 सालचा 'झपाटलेला' घ्या. रामदास पाध्ये यांचा बाहुला तात्या विंचू, दिलीप प्रभावळकरांचा आवाज, लक्ष्मीकांत बेर्डेंची भंबेरी. भीती आणि विनोद यांचं मिश्रण अगदी हाँगकाँगच्या तोडीचं. पण तिथं मंत्र बाबा चमत्कारकडे आणि पिस्तूल इन्स्पेक्टरकडे. तात्या विंचू मरतो तो भुवयांच्या मधोमध गोळी लागून. नियम आहे, पण तो पाळायला तालीम लागत नाही.

विनोद नको, जरा हळवं हवं असेल त्यांनी 1987 चा 'अ चायनीज घोस्ट स्टोरी' पाहावा. दिग्दर्शक चिंग सिउ-तुंग. फू सोंगलिंग यांच्या जुन्या कथासंग्रहातल्या एका गोष्टीवर तो बेतला आहे. वसुलीला निघालेला एक भाबडा कारकून पडक्या मठात मुक्काम करतो आणि एका तरुणीच्या भुताच्या प्रेमात पडतो. तिला राबवणारी एक वृक्षराक्षसीण आहे, आणि तिची जीभ अख्ख्या जंगलातून सळसळत येते. इथं लढणारे तारांवरून तरंगतात, झाडांच्या शेंड्यांवरून पळतात. सोडवणुकीचा नियम मात्र साधा आहे: त्या तरुणीच्या अस्थी तिच्या गावी नेऊन नीट पुरायच्या.

काही चित्रपट मागाहूनच बघावेत. शॉ ब्रदर्सचा 1983 सालचा 'द बॉक्सर्स ओमेन' हा मुष्टियोद्धा आणि काळी जादू यांचा खेळ आहे. जेवून लगेच तो लावू नये. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळच्या काही हाँगकाँगी चित्रपटांत कॅमेऱ्यासमोर कोंबड्या आणि साप खरोखर मारलेले आहेत. देवापुढच्या कोंबड्या-बकऱ्यांच्या बळीविरुद्ध आयुष्यभर कीर्तनं करणाऱ्या गाडगेबाबांचं शेंडगाव याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं. इथल्या प्रेक्षकाला ती दृश्यं खटकली, तर त्यानं ती बेलाशक पुढे ढकलावीत. कथेचं काही अडत नाही.

इतरांनी या वाटेनं काय केलं, तेही थोडक्यात. 1974 साली लंडनच्या हॅमर कंपनीनं शॉ ब्रदर्सबरोबर 'द लेजंड ऑफ द सेव्हन गोल्डन व्हॅम्पायर्स' काढला आणि पीटर कुशिंग या नटाला हाँगकाँगला नेलं. 1998 च्या 'ब्लेड'मध्ये वेस्ली स्नाइप्सनं आपली कराटेची तयारी रक्तपिपासूंवर वापरली. 2025 साली मल्याळममध्ये आलेल्या 'लोका'त केरळच्या दंतकथेतली यक्षी आजच्या शहरात येऊन हातापायांनी लढते. ती भूमिका कल्याणी प्रियदर्शनची. भारतीय प्रेक्षकाला आज सगळ्यात सहज पचेल असा नमुना हाच.

तेव्हा क्रम असा लावावा: पहिल्या रात्री 'मिस्टर व्हॅम्पायर', घरातल्या मोठ्या मुलांना घेऊन. आवाज मूळ कँटोनीजच ठेवावा आणि खाली उपशीर्षकं लावावीत, कारण डबिंगमध्ये गुरूचा खडूस सूर हरवतो. मग 'स्पूकी काइंड', मग 'चायनीज घोस्ट स्टोरी'. एवढं झालं की 2013 चा जूनो माकचा 'रिगर मॉर्टिस' काढावा, पण मुलं झोपल्यावर. तो काळाकुट्ट आहे, हसू त्यात औषधालाही नाही, आणि 'मिस्टर व्हॅम्पायर'मधला चेला चिन सिउ-हो त्यात म्हातारपणाकडे झुकलेला, काम संपलेला नट म्हणून येतो. आधीचा चित्रपट पाहिलेला नसेल, तर या नटाकडे बघून पोटात का तुटतं हे कळणार नाही.