पहिला झुंजार यंत्रमानव : खर्च कोठे, काटकसर कोठे?



पवईच्या आय. आय. टी.मधील 'टेकफेस्ट'मध्ये यंत्रमानवांच्या झुंजी पाहून आलेला विद्यार्थी प्रथम फिरत्या पात्याचा विचार करतो. परंतु झुंजीत ज्याची हालचाल थांबली, तो हरला. म्हणून तेथील अवजड यंत्रांचे अनुकरण न करता अमेरिकेत रूढ असलेला ४५४ ग्रॅमचा वजनगट निवडावा आणि पहिले यंत्र साध्या पाचरीच्या आकाराचे करावे.

पैसा आधी दंतचक्रयुक्त मोटारी, गतिनियंत्रक व रेडिओ संच यांवर खर्चावा. चाक अडले असता मोटार सर्वाधिक विद्युत्प्रवाह घेते; तो गतिनियंत्रकास पेलला नाही, तर तेथे केलेली बचत जळून जाते. रेडिओ संच पुढील यंत्रांसही उपयोगी पडतो. काटकसर सांगाड्यात करावी; भाजी चिरण्याची जाड प्लास्टिकची फळी त्यास पुरते.

बॅटरीबाबत मात्र तडजोड नसावी. लिथियम-पॉलिमर घट ४.२ व्होल्टपेक्षा अधिक प्रभारित करू नये, ३ व्होल्टखाली उतरू देऊ नये. फुगलेला घट त्वरित बाद करावा. प्रभारण चालू असता शिक्षकांनी जवळ थांबावे व वाळूची बादली हाताशी ठेवावी.

उरलेल्या पैशात शस्त्राऐवजी एक जादा मोटार घ्यावी. मोडलेली मोटार विद्यार्थ्याने स्वहस्ते बदलावी, हेच या उपक्रमाचे खरे शिक्षण होय.